बोरकुटेकाका बसत नाहीत

बोरकुटेकाका आमच्या क्वार्टरमध्ये यायचे म्हटलं की मी आधी टीपॉय भिंतीला लावून ठेवत असे. कारण ते बसत नसत. चहाची बशी हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत बोलायचे आणि ऐकणाऱ्यालाही बसू द्यायचे नाहीत. "उठा ना जी! बसल्या डोक्याले गंज चढते." रोलिंग मिलमध्ये हयात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरात, गणेशोत्सवातलं मुलांचं नाटक त्यांच्याकडे असे. ते मुलांनीच रचायचं, हा त्यांचा हट्ट. कागद नाही, पेन्सिल नाही. संध्याकाळी पोरांना मैदानात पळवायचं, लंगडी घालायला लावायची आणि धापा टाकताना तोंडातून जे निघेल ते नाटक. शाळेत प्रश्न विचारला की खांबासारखी उभी राहणारी मंजू लंगडी घालता घालता गणपतीचा उंदीर झाली आणि ओरडली, "देवा, मोदक तुम्ही खाता अन् वजन मी उचलतो!" पोरं हसून लोळली. "काका, और एक चक्कर!" पुढचा प्रवेश त्या चकरेत निघाला.

ते वाक्य मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. अध्यक्ष प्लांटमधले मोठे साहेब. वजनाचा विषय त्यांनी अंगाला लावून घेतला. हुकूम सुटला: मुलांनी हॉलमध्ये रांगेत बसून नाटक लिहावं. हाताची घडी, तोंडावर बोट. हाताची घडी घालून लिहायचं कसं, हे हुकमात नव्हतं. आठवडाभर मुलं बसली. त्यातून एकच संवाद निघाला: "सर, पाणी प्यायला जाऊ?"

"काय करून राहिले हे लोक?" काका माझ्या खोलीत तरातरा फिरत गरजले. "लेकरं हायेत का लोखंड? साच्यात ओतलं अन् थंड होऊ द्यायचं?"

संताप मलाही आला होता. स्वतःचं भाषण स्टेनोकडून लिहून घेणारा माणूस मुलांना सुचण्याची शिस्त लावत होता.

शेवटी बैठक भरली. नाटक ठेवायचं की रद्द करायचं, ते तिथेच ठरणार होतं. मुलं दारात दाटून उभी होती. काकांनी उभ्यानंच तोंड उघडलं.

"बोरकुटे, आधी बसा. एका जागी बसून नीट बोला," अध्यक्ष म्हणाले.

काका बसले. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो.

"सा... सा..." जबडा आवळला, मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. शब्द येईना. "पो... पो..."

कुणीतरी हसलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. मुलांना मात्र असावं. मंजू सरळ आत आली आणि तिनं त्यांचं बोट धरलं. "उठा ना जी, काका."

ते उठले. खुर्च्यांमधून एक फेरी मुकाट्यानं मारली. दुसऱ्या फेरीत आवाज सुटला.

"साहेब, शाळेत गुरुजी म्हणत, हलू नको, मग सांग. मले साऱ्या कविता येत होत्या, साहेब. पण कोणी हलूच देल्लं नाही."

हॉलमध्ये त्यांच्या चपलांचा आवाज तेवढा राहिला. वळून ते अध्यक्षांच्या दिशेनं आले, तेव्हा साहेबांनी पसरलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

नाटक झालं. उंदरानं आपलं वाक्य पहिल्या रांगेकडे पाहून ठणकावलं. टाळ्या थांबल्यावर पडद्यामागून चपला ऐकू आल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे.