वेलचेरी ऑनलाइन पोकर व निर्विकार मुद्रा मंडळ

माणूस ओळखणं हे फार अवघड काम आहे, आणि म्हणूनच ते माणूस समोर नसताना करावं. माणूस समोर असला की घोटाळे होतात. तो हसतो, घाम पुसतो, मध्येच "जेवलात का?" विचारतो, आणि आपला अभ्यास बिघडतो. ऑनलाइन पोकरमध्ये ही अडचण नाही. तिथे प्रतिस्पर्ध्याचं टोपणनाव दिसतं, शेजारी एक छोटं चित्र (बहुधा वाघाचं), आणि खेळी करायला तो किती वेळ घेतो ते दिसतं. तेवढ्यावरून त्याचा स्वभाव, शिक्षण, रक्तदाब आणि हातातली पानं ओळखायची असतात. हे शास्त्र चेन्नईत रुजवणाऱ्या मंडळाचा मी संस्थापक चिटणीस, शरदचंद्र. दुसऱ्या कुणी हे शास्त्र इथे आधी आणलं असं म्हणत असेल, तर त्याने पुरावा घेऊन यावं.

मंडळाची स्थापना दोन हजार पाच सालच्या पावसात झाली. वेलचेरीत तळमजल्यापर्यंत पाणी आलं होतं, कंपनीची बस येत नव्हती, आणि चार मराठी माणसं एका फ्लॅटमध्ये अडकली होती. अशा परिस्थितीत मंडळ निघणारच. अध्यक्ष त्र्यंबक. हा राहायला वेलचेरीत आणि नोकरीला थेट गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, म्हणजे शहराच्या एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. इतका प्रवास रोज करणारा माणूस एक तर नोकरी सोडतो किंवा विचारवंत होतो. त्र्यंबकने नोकरी सोडली नाही. खजिनदार हंबीरराव. (आम्ही पैशांऐवजी साइटवर फुकट मिळणाऱ्या खोट्या चकत्यांवर खेळायचो, त्यामुळे खजिना नव्हता. पण खजिनदार नाही असं मंडळ कुणी पाहिलं आहे?) आणि अनिकेत हा साधा सभासद. एक तरी साधा सभासद लागतोच, नाही तर ठराव करायचे कुणासाठी?

त्र्यंबकने गाडीत बसून पोकरवरचं एक इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचलं आणि त्यातून मंडळाचा विलंब-सिद्धान्त तयार झाला. जो चटकन खेळतो त्याच्या हातात काही नसतं. जो वेळ लावतो त्याच्या हातात सगळं असतं. तेव्हा समोरचा गप्प बसला, की शहाण्याने मान राखून आपली पानं टाकून द्यावीत. याला फोल्ड करणं म्हणतात.

या सिद्धान्तावर आम्ही शेकडो प्रतिस्पर्धी वाचले. त्यातली सत्तर टक्के वाचनं बरोबर निघाली. (बरोबर कोणती, हे ठरवण्याचा अधिकार अध्यक्षांकडे आहे.) तरी आम्ही रोज हरायचो हे खरं आहे. पण हरणं हा निकाल असतो आणि वाचन हा अभ्यास असतो. या दोहोंची गल्लत करणारे लोक आयुष्यात कुठेच पोचत नाहीत, असं मी अनेकांना तोंडावर सांगितलेलं आहे.

एक उदाहरण देतो. 'कोल्डरिव्हर' नावाचा एक खेळाडू प्रत्येक खेळीला भयंकर वेळ घ्यायचा. त्र्यंबकने निदान केलं: निवृत्त न्यायाधीश, विधुर, थंड डोक्याचा. आम्ही त्याच्यापुढे सारखी पानं टाकत राहिलो. शेवटी हंबीररावाला राहवलं नाही. त्याने चॅटच्या चौकटीत विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं, की बाळ मांडीवर आहे, एका हाताने दूध पाजतेय, सॉरी. अध्यक्षांनी हे उत्तर बारकाईने वाचलं आणि ते बाळही ब्लफ असल्याचं जाहीर केलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

मंडळाचा दुसरा विभाग निर्विकार मुद्रेचा. आपण दुसऱ्याला वाचतो तसं दुसऱ्याने आपल्याला वाचू नये, म्हणून चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आमच्या घरमालकीण विशालाक्षी मामी खालीच राहायच्या. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात काढलेल्या. भाडं न्यायला आल्या तेव्हा आम्ही चौघे बंद मॉनिटरच्या काचेत बघत बसलो होतो.

"काय रे पा, काय करितां?"

"चेहरा स्थिर ठेवायचा सराव, मामी. पोकरसाठी."

"त्या कंप्यूटरास तुमचें तोंड दिसतें का?"

असले प्रश्न अभ्यास नसलेलेच लोक विचारतात. त्र्यंबकने शांतपणे समजावलं, की भावना चेहऱ्यावरून मानेत उतरते, मानेतून खांद्यात, खांद्यातून बोटात. बोट थरथरलं की माऊस उशिरा दाबला जातो, आणि नॉर्वेत बसलेल्या माणसाला आपली पानं कळतात. मामी "सरी" म्हणाल्या आणि खाली गेल्या. (सरी म्हणजे ठीक. त्याचे आणखी बरेच अर्थ होतात. त्यासाठी वेगळी उपसमिती नेमायची आहे.)

सराव कडक होता. कढईतून काढलेला बोंडा तोंडात धरून बसायचं, आणि डोळ्यांत पाणी आलेलं चालणार नाही. पार्किंगमध्ये हंबीररावाची नवी मोटारसायकल हँडलपर्यंत पाण्यात गेली, ती त्याने गॅलरीतून भुवईसुद्धा न उचलता पाहिली. त्याला मंडळाचं प्रशस्तिपत्र दिलं. पण खरा हिरा निघाला अनिकेत. सहा महिन्यांत त्याच्या चेहऱ्याला असं काही वळण लागलं, की ऑफिसात "बरं नाही का?" असं विचारून त्याला दोनदा घरी पाठवलं. आम्हाला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्याच्यात उणीव एकच होती. तिचं नाव श्रीरंजनी.

ती त्याच्याच ऑफिसात होती. घर मैलापूरला, देवळामागच्या गल्लीत. हीसुद्धा तंजावरकडची मराठी. घरात मराठी बोलायचे, पण भाजी, भांडण आणि हिशेब तमिळमध्ये. अनिकेतचा तिच्यावर जीव होता, अगदी मनापासून होता. तिचा फोन आला की त्याचा चेहरा पार विस्कटायचा, आणि मंडळाचं सहा महिन्यांचं काम पाण्यात जायचं. तिलाही तो आवडायचा. त्याच्या घरून होकार आलेला होता. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी, गुंडोरावांपाशी. गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी नकार दिलेला नव्हता, पण कोइमतूरचं एक स्थळ आलं होतं आणि त्या लोकांना आठवड्यात उत्तर कळवायचं होतं. म्हणून श्रीरंजनीने अनिकेतला रविवारी सकाळी घरी बोलावलं.

"तूं जास्ती बोलूं नको पा," ती म्हणाली होती. "हसून बस, इतकेंच. हसणारा माणूस म्हणजे अप्पांस बहुत इष्ट."

अनिकेतने हे निष्पापपणे आम्हाला सांगितलं. मंडळाची तातडीची सभा भरली. प्रतिस्पर्ध्याच्या घरात जाऊन हसणं म्हणजे आपली पानं उताणी करून टेबलावर ठेवणं, हे अध्यक्षांनी दाखवून दिलं. 'हसू नये' असा ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (अनिकेतचा या प्रकरणात वैयक्तिक संबंध असल्याने त्याचं मत बाद धरलं.) निरीक्षक म्हणून मला सोबत पाठवलं.

गुंडोराव दारातच उभे होते. "यावें, यावें. बसावें," म्हणाले. चेहऱ्यावरून गोड माणूस, म्हणजेच अनुभवी खेळाडू. बसल्या बसल्या त्यांनी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी ते एकदा पुण्याला गेले होते आणि दुकानात जाऊन त्यांनी आपल्या मराठीत छत्री मागितली. दुकानदाराने ती पोथीतल्यासारखी भाषा ऐकली, घाईघाईने गल्ल्यावरून उठला आणि पाया पडला. त्याला वाटलं, कुणी कीर्तनकार बुवा आले आहेत. "छत्रीचें मोल घेईना हो तो!" असं म्हणून गुंडोराव डोळे पुसत हसले. मला जीभ चावावी लागली. अनिकेतकडे पाहिलं, तर काही नाही. भिंत. गुंडोरावांचं हसू हळूहळू थांबलं आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं.

श्रीरंजनी आतल्या दारात उभी होती. रेशमी साडी, केसांत मोगरा. (देवळात जायचं असावं.) तिने अनिकेतला डोळ्यांनी खूण केली, ओठांचे कोपरे वर करून दाखवले. अनिकेतने त्या खुणेचं वाचन केलं आणि मान राखून दुर्लक्ष केलं. मग तिची आई स्वतः ताटल्या घेऊन आली. तुपाने चमकणारा पिवळा शिरा आणि कच्च्या केळ्याची गरम भजी. आम्ही दोघांनी ते निर्विकारपणे खाल्लं. बोंड्यांच्या सरावाचा इथे फार उपयोग झाला.

खाणं झालं आणि गुंडोराव गप्प झाले.

पंख्याकडे बघत बसले. त्यांचे ओठ बारीक हलत होते, म्हणजे आत गणित चालू असणार. मी घड्याळाकडे पाहिलं. इतका दीर्घ विलंब आम्ही 'कोल्डरिव्हर'चाही पाहिला नव्हता. अनिकेतने माझ्याकडे एक नजर टाकली, मी पापणी मिटली. सिद्धान्त स्पष्ट होता. समोरच्याच्या हातात सगळं होतं, आणि नकार आता कोणत्याही क्षणी येणार होता.

गुंडोरावांनी घसा साफ केला. "तर आतां... आमची अशी इच्छा आहे, कीं..."

अनिकेत उठून उभा राहिला. "काका, संकोच करू नका. मला कळलं. तुमचा वेळ घेतला. येतो मी."

गुंडोरावांचं तोंड उघडंच राहिलं. "कळलें?" ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरें."

दारातून श्रीरंजनी अनिकेतच्या चेहऱ्याकडे बघत होती. ती काहीतरी शोधत होती त्या चेहऱ्यात, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तिला काही म्हणजे काही सापडलं नाही. एवढं निर्दोष काम मी आजवर पाहिलेलं नव्हतं. मला भरून आलं.

परत आल्यावर अध्यक्षांनी अनिकेतची पाठ थोपटली. इतक्या मोठ्या डावात इतक्या वेळेवर फोल्ड करणं भल्याभल्यांना जमत नाही. सत्कार चालू असतानाच विशालाक्षी मामी पाण्याची मोटर चालू करा म्हणून सांगायला वर आल्या, आणि त्यांनी सहज विचारलं, की खायला काय होतं?

"शिरा आणि भजी," मी म्हणालो.

मामींनी कपाळावर हात मारला. "अय्यो! सोज्जी-बज्जी! अरे, मुलगी दाखवायाची असली म्हणजे करितात तें! रेशमी साडी होती?"

"होती."

"आणि अम्मेनें आपल्या हातीं ताट दिलें?"

"दिलं."

"मग आणखी काय पाहिजे रे तुम्हांस? ढोल वाजवायाचा?" मामी मटकन खुर्चीत बसल्या. मग कळलं, की गुंडोराव त्यांचे मामेभाऊ लागतात. आपली मराठी ऐकून या पुण्याकडच्या पोरांनी हसू नये, म्हणून तो बिचारा आठवडाभर एकच वाक्य पुण्याच्या मराठीत घोकत होता: आमची अशी इच्छा आहे, की आमच्या मुलीला तुम्ही पदरात घ्यावं. ऐन वेळेला पाठ केलेलं आठवलं नसेल, म्हणून पंख्याकडे बघत जुळवत असणार.

अनिकेत चपला शोधायला लागला. अध्यक्षांनी त्याला थांबवून खुलासा केला, की खाद्यपदार्थांचा समावेश विलंब-सिद्धान्तात नाही, आणि पुस्तकातही शिऱ्यावर प्रकरण नाही. सबब वाचन बरोबरच होतं. मामी काही तरी तमिळमध्ये बोलल्या. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

अनिकेतने संध्याकाळपर्यंत किती फोन केले देव जाणे. तिने उचलला नाही. सोमवारी ऑफिस सुटल्यावर शेअर ऑटोच्या थांब्यावर ती स्वतःच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मी मागेच होतो.

"अप्पा म्हणतात, त्या मुलास मन नाहीं," ती म्हणाली. "मी म्हणालें, आहे. आतां तूं सांग. मी पाहिजे कीं नको?"

उत्तर त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. रांगेतल्या दोन अनोळखी बायकांनाही ते कळलं असावं. त्याचे कान लालबुंद झाले होते. (कानांचा सराव मंडळाने घेतलेला नाही.) पण आता चेहरा त्याच्या ताब्यातच राहिला नव्हता. तो हलेना. आणि शब्द नीट निवडून बोलावं म्हणून तो थोडा थांबला. थोडाच. ऑटोवाला "मैलापूर, मैलापूर" म्हणून ओरडत होता. ती वाट बघत राहिली, त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग "सरी" म्हणाली आणि ऑटोत जाऊन बसली.

तिचं लग्न झालं तो कोइमतूरचा मुलगा, असं ऐकतो, कशावरही हसतो. सिग्नल लाल झाला तरी हसतो म्हणे.

अनिकेतला मंडळाने उपाध्यक्ष केलं आहे. तो रोज ऑफिसातून येऊन स्क्रीनसमोर बसतो आणि एकटाच जिंकतो. आता जगात कुणालाही त्याला वाचता येत नाही. खोट्या चकत्यांचे त्याच्यापुढे डोंगर साचले आहेत.

वाचकहो, तुम्ही आमच्या उपाध्यक्षांना गाढव म्हणत असाल, मला ठाऊक आहे. "अरे, तोंड उघडून हो म्हणायला काय धाड भरली होती?" असंही मोठ्याने म्हणाला असाल. ठीक आहे. पण मघाशी तुमच्याच घरातलं कुणी तरी दारात येऊन "काय वाचताय एवढं?" असं विचारून गेलं, तेव्हा मान वर न करता तुम्ही "काही नाही" म्हणालात. त्या माणसाला काही तरी वेगळंच विचारायचं होतं. ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत थोडा वेळ थांबलं, त्याला काही सापडलं नाही, आणि ते आत गेलं. तुम्हाला चाचणी द्यावी लागणार नाही, वर्गणीही नाही. सभासदांच्या यादीत तुमचं नाव मी आधीच घातलेलं आहे.