अर्ध्या गाडीचे शशीकाका

परवापर्यंत आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी वॉचमनकडे धावायचा. "भैया, वो आदमी गाडी में पीछे से घुस रहा है!" वॉचमन तंबाखू मळत, मान वर न करता सांगायचा, "उनकाच गाडी है."

नव्या माणसाची तरी काय चूक? इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, खिशाला पेन, उरलेसुरले केस नीट विंचरलेले, असा सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ पार्किंगमध्ये येतो. गाडीची डिकी उघडतो, चपला काढून हातात घेतो आणि देवळात शिरावं तसा वाकून आत शिरतो. मग बराच वेळ गाडी नुसती हलते. आतून बांधलेली पायजम्याची नाडी ओढली की डिकी बंद होते. शेवटी ड्रायव्हरच्या जागी शशीकाका प्रकट होतात, आरशात बघून भांग नीट करतात आणि गाडी सुरू करतात.

कारण गाडीची चारही दारं उघडत नव्हती. ती काकांनी स्वतः दुरुस्त केली होती.

शशीकाका आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटेच राहतात. लग्न केलं नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते, म्हणजे आयुष्यभर माणसांच्या हजेऱ्या घेतल्या, मशीनला बोट लावलं नाही. ती सगळी हौस रिटायर झाल्यावर उफाळून आली. मिक्सर, गीझर, जिन्यातली बेल, सगळ्यांवर त्यांचा हात फिरला. वस्तू बिघडली की ते एक पाऊल मागे जातात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "थिअरी बरोबर आहे. प्रॅक्टिकलला मार खातोय." आमच्या जिन्यातली बेल दाबली की अजून दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागतो. थिअरी बरोबर असणार.

पण ती गाडी एकट्या काकांची नाही. अर्धी आमची आहे.

माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि शशीकाका कंपनीच्या बसमध्ये वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसत. त्या बाकावरच दोघांनी ठरवलं की एकट्याला गाडी झेपणार नाही, तर अर्धी अर्धी घेऊ. मी तेव्हा शाळेत होते. गाडी आली, चाव्या दोन, आणि नियम पक्के: सोमवार, मंगळवार, बुधवार आप्पांचे, गुरुवार, शुक्रवार, शनिवार काकांचे, रविवार सगळ्यांचा. आई म्हणायची, "आमच्या लग्नात एवढं बोलणं झालं नव्हतं."

ते रविवार आठवले की मला आजही ऐरोलीच्या ऑफिसात बसल्या बसल्या खिडकीबाहेर बघावंसं वाटतं. आम्ही उरणला जायचो. काका चालवणार, आप्पा शेजारी बसून ब्रेक मारणार. आप्पांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी ते मारायचे. मागे आई, मी आणि आमटीचा डबा. समुद्रावर पाय बुडवून झाले की परतताना सुके बोंबील घ्यायचे. ते डिकीत ठेवायचे, आणि पुढचे तीन दिवस आप्पांनी तो वास सोसायचा, कारण सोमवार त्यांचा. "तुझा नियम तूच केलास, दत्ता," असं म्हणून काका हसत. जगात आप्पांना दत्ता म्हणणारा तो एकच माणूस.

मग पार्किंगमध्ये नव्या गाड्या आल्या. चावीचं बटण दाबलं की त्या टुकटुक करायच्या आणि चारही दारं एकदम लॉक व्हायची. काकांच्या मनाला ते फार लागलं. "आपलीच तेवढी मुकी का म्हणून?" त्यांनी वाशीहून सेंट्रल लॉकचा डबा आणला: चार छोट्या मोटरी, सळया आणि वायरींचं भेंडोळं. मेकॅनिककडे देणं हा त्यांना बुद्धीचा अपमान वाटला. आठवडाभर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर गाडीच्या दारांची आतली पॅडं पसरली होती. काच खालीवर करायची हँडलं काढून त्यांनी, हरवू नयेत म्हणून, जिऱ्याच्या डब्यात ठेवली. पॅडं परत बसली, हँडलं डब्यातच राहिली. पण बटण दाबलं की टुकटुक झालं आणि चारही दारं टक्क करून लॉक झाली. काकांनी पेढे वाटले.

त्याच आठवड्यात माझ्या आतेबहिणीचं वाशीला लग्न होतं. आप्पा मुलीचे मामा, त्यामुळे डोक्याला फेटा, अंगात रेशमी झब्बा. मुहूर्ताला थोडाच अवकाश असताना लक्षात आलं की नवरीच्या मुंडावळ्या गाडीत राहिल्या. आप्पा गेले, आत बसले, पुढचा कप्पा चाचपू लागले. वाऱ्याने दार आपटलं आणि टक्क. चारही लॉक पडले.

आप्पांनी बटण वर ओढलं, ते टक्क करून खाली. पुन्हा ओढलं, पुन्हा खाली. काच खाली करावी तर हँडलं कोपरखैरण्याला जिऱ्यात. आप्पा काचेवर हात आपटू लागले. मांडवाच्या दारातल्या पाहुण्यांना वाटलं, मामा हात करताहेत. त्यांनीही हसून हात केले. आत गुरुजी माइकवरून सांगत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला.

शेवटी आप्पांनी सीटखालची दांडी ओढून डिकी उघडली आणि मागच्या सीटवरून घसरत बाहेर आले. आधी पाय आले, मग झब्बा, मग सुटलेला फेटा. नेमकी मुलाकडची मंडळी समोर उभी. ते कट्टर शाकाहारी, आणि आप्पांच्या अंगाला उरणच्या बोंबलांचा असा काही घमघमाट, की नवऱ्या मुलाच्या आजीने पदर नाकाला लावला. कुणीतरी व्हिडिओ काढला. अक्षता पडायच्या आत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला होता.

एवढ्यावरही निभावलं असतं. काका धावत आले होते. तेव्हा त्यांनी नुसतं "चुकलो" म्हटलं असतं, तर आप्पा चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण काका गाडीकडे बघत, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "थिअरी बरोबर आहे, दत्ता."

आप्पांनी फेटा उचलला आणि गेले. त्यानंतर ते शशीकाकांशी एक शब्द बोलले नाहीत आणि त्या गाडीत बसले नाहीत. आज, उद्या करता करता वर्षं गेली.

काकांनी तेव्हापासून दुरुस्तीच मांडली होती. एका वायरीची दोन टोकं उलटी लागली, तर तीन दारं उघडायची आणि चौथं बंद व्हायचं. ती सुलटी केली, तर वायपर फिरायचे. एकदा चारही दारं कायमची मिटली, तेव्हापासून डिकीचा मार्ग सुरू झाला. मी म्हटलं, "काका, मेकॅनिकला दाखवा ना. तासाचं काम आहे."

"मेकॅनिकचा काय संबंध?" ते चिडले. "दत्ताला मी अडकवलाय, मीच सोडवणार. लॉक एकदम ओके करून त्याला म्हणणार, बस. मग तो बसेल. बसला की बोलेल."

हा माणूस लॉक दुरुस्त करतोय असं सगळ्या सोसायटीला वाटायचं.

बरं, नियम मात्र दोघांनीही सोडला नाही. आप्पांच्या वारी गाडी धूळ खात उभी. आप्पा बसने जाणार, आणि काका रिक्षाने. एकदा सोमवारी काका तापाने फणफणलेले, गेटवर रिक्षाला हात करत होते. मी म्हटलं, "अहो, गाडी आहे ना खाली!"

"आज सोमवार आहे, मिनू," ते म्हणाले. "दत्ताला लागली तर?"

घरी येऊन मी हे आप्पांना सांगितलं. ते पेपरमधून तोंड न काढता म्हणाले, "मूर्ख आहे तो." पण पेपराचं पान बराच वेळ उलटलं नाही.

मग परवा आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, वाशीला. मंगळवार होता. सकाळी टॅक्सी बुक केली, ड्रायव्हरने कॅन्सल केली. दुसरी केली, तीही गेली. आप्पांना धरून मी खाली उतरले, तर गेटशी आमची गाडी उभी. चारही दारं सताड उघडी. शेजारी शशीकाका. आईने निरोप पोचवला असणार.

काका आप्पांकडे न बघता मला म्हणाले, "मिनू, आज मंगळवार. गाडी तुझ्या आप्पांची आहे. ड्रायव्हर पाहिजे का, विचार त्यांना."

आप्पा मला म्हणाले, "त्याला विचार, लॉकचं काय?"

"काढून टाकलं," काका म्हणाले. "मोटरी, सळया, सगळं. दारं लागतात, पण आता एकही लॉक होत नाही. आतूनही नाही, बाहेरूनही नाही."

आप्पांनी उघडं दार हलवून पाहिलं. मग मागच्या सीटवर जाऊन बसले.

हॉस्पिटलपाशी काका खालीच थांबले. मला जरा रागच आला. एवढ्या लांब आलात, तर दोन जिने चढायला काय झालं? आप्पांना आत नेल्यावर मी वरच्या खिडकीशी उभी राहिले, तेव्हा कळलं. गाडी लॉक होत नव्हती. काका गाडीतून उतरायचे, हॉस्पिटलच्या दारापर्यंत यायचे, मान उंच करून वर बघायचे. तेवढ्यात कुणीतरी गाडीजवळून जायचं, की काका धावत माघारी. पुन्हा यायचे, पुन्हा पळायचे. त्या उन्हात त्यांनी किती खेपा घातल्या कोण जाणे. मला हसू येत होतं आणि त्यांची इतकी माया वाटत होती, की खाली जाऊन त्यांना मिठी मारावी.

आप्पा बाहेर आले ते एका डोळ्यावर पट्टी घेऊन. पहिला प्रश्न, "तो कुठाय?"

मी त्यांना खिडकीशी नेलं. एका डोळ्याने त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं. मग म्हणाले, "चल लवकर. डोकं तापेल त्याचं."

खाली आल्यावर मी मागचं दार उघडलं. आप्पांनी ते बंद केलं, पुढचं उघडलं आणि काकांच्या शेजारी बसले. काकांचे हात स्टीअरिंगवर होते. गाडी सुरू करायचं त्यांच्या लक्षातच येईना.

"मला नाही जमलं रे, दत्ता," ते समोर बघत म्हणाले. "लय केलं. थिअरीच चुकली होती माझी. त्या दिवशी तुझं हसं झालं, आणि मी..."

"शशी, गप बस," आप्पा म्हणाले. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. "डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

काकांनी गाडी सुरू केली. दोघंही सरळ समोर बघत होते. मी मागच्या सीटवर मनसोक्त रडून घेतलं, माझ्या डोळ्यांना कुणी मनाई केली नव्हती.