परवलीचा शब्द

"साहेब, नरखेडचं मशीन काहीतरी शब्द मागून राहिलं म्हणतात," कार्यालयाचा फोन सांभाळणाऱ्या तारानं फोनवर हात ठेवून मोठ्या साहेबांना सांगितलं, तसा मशीनं मांडून देणारा वसंताही टेबलाशी धावला.

शेतकऱ्यांच्या त्या सहकारी संस्थेचं मुख्य कार्यालय गांधीबागेत होतं आणि शाखा जिल्हाभर. त्या वर्षी प्रत्येक शाखेत एकेक कॉम्प्युटर गेला. आधी प्रत्येकाची आतली मांडणी हातानं वेगवेगळी करावी लागे. त्यामुळे भिवापूरचा तारखा उलट्या छापी, तर काटोलचा प्रिंटर कागद बघितला की रुसे. वसंता मूळचा संत्र्याच्या मुलखातला. त्याच्या बापानं आयुष्यभर जंभेरीच्या आंबट खुंटावर गोड संत्र्याचे डोळे भरून कलमं केली होती. एका मायझाडाच्या डोळ्यांतून सगळी बाग एका चवीची. तीच युक्ती पोरानं मशीनला लावली. मुख्य कार्यालयातलं मशीन मायझाड मानलं, त्याची सगळी मांडणी फ्लॉपीवर उतरवली आणि त्या फ्लॉपीला नाव दिलं 'कलम'. फ्लॉपी घालायची आणि बाजूला उभं राहायचं. मशीन आपोआप मायझाडासारखं होई. चुकून पुन्हा घातली, तरी असलेलं मोडत नसे, नसलेलं तेवढंच भरत असे.

कलम इतकं उत्तम जमलं की मायझाडाचं सगळं उतरलं. त्यात आनंदराव भोयरांचा परवलीचा शब्दही उतरला.

आनंदराव म्हणजे कार्यालयाचे मोठे साहेब. शब्द टाकताना ते कीबोर्डवर खांद्यावरचा दुपट्टा पांघरत. 'परवलीचा शब्द कागदावर लिहू नये. द्यायचाच झाल्यास ज्याचा त्यानं स्वमुखे शाखाधिकाऱ्यास द्यावा' हा नियम त्यांनीच सहीनिशी भिंतीवर लावला होता.

"मंग देऊन टाका ना साहेब," तारा म्हणाली. "अध्यक्ष फीत कापाले निघाले तिकडे."

अध्यक्षांचा मशीनवर आधीच राग. 'आज नाही चाललं, तं सगळी खोकी परत, आणि त्या पोराले बी परत,' असं ते भर सभेत बोलले होते. वसंताच्या नोकरीवर अजून कायमचा शिक्का बसायचा होता. घरी म्हातारी रोज विचारी, "पक्का झाला का रे?"

"बाहेर जा दोघं," आनंदराव म्हणाले.

दोघं दाराबाहेर गेले. पण ट्रंककॉलची ती लाइन! तिच्यावर कुजबूज कुठली व्हायला? विहिरीत पडलेल्या माणसाला हाक मारावी तसं ओरडावं लागे. पलीकडे शाखाधिकारी देवाजी, आनंदरावांच्या बायकोचा चुलतभाऊ.

"देवाजी, शब्द म्हणजे... घरचं नाव आहे!"

"कोणाचं?"

"अरे, घरच्यांचं!"

थोड्या वेळानं देवाजी ओरडला, "भाऊजी, 'घरच्यांचं' टाकलं. मशीन नाही म्हणते. तीनदा चुकलं तं कुलूप लागते म्हणते!"

बाहेर तारानं तोंडात पदर कोंबला. आता कुठं तिच्या लक्षात आलं. भोयरांच्या घराण्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे. 'ऐकलं का वं' एवढ्यावर संसार. साहेबांनी जगात कुणाला सुचणार नाही असा शब्द शोधला होता खरा. पण तो त्यांना स्वतःलाच उच्चारता येत नव्हता.

"साहेब," तारा दाराच्या फटीतून म्हणाली, "उखाण्यात घ्या ना नाव! उखाण्यात घेतलं तं दोष नाही लागत."

"तू गप वं!" आतून आवाज आला. मग खुर्ची करकरली. खाकरणं झालं. आणि सगळ्या गांधीबागेला ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांनी नाव घेतलं :

"संत्र्याच्या झाडाले बहर आला मृगाचा,
सुहासिनीचं नाव घेतो, मान राखून जगाचा!"

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. देवाजी उखाणा मोठ्यानं म्हणत त्यातलं नाव टाइप करत होता, आणि जमलेल्या मंडळींना वाटलं, हा उद्घाटनाचाच भाग. पण लगेच देवाजीचा पडलेला आवाज आला. "भाऊजी, हेबी नाही म्हणते."

वसंता दारात येऊन उभा राहिला. "साहेब, आता एकच डाव राहिला. नीट आठवा."

आनंदरावांनी दुपट्टा सावरला. मान खाली घालून म्हणाले, "आठवते रे. विसरलो कुठं? लाज वाटली म्हणून लग्नात ठेवलेलं नाव सांगून पाहिलं."

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला, डोळे मिटले. या वेळी आवाज मोठाच होता, पण त्यात ओल होती :

"तांदळात लिहून नाव, सासरनं केलं नवं,
मले मात्र जयवंता, हेच नाव हवं!"

पलीकडे देवाजी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करू लागला.

"लागलं भाऊजी! लागलं!" देवाजी ओरडला. मग आवाज एकदम उतरला. "आमची जयवंता! लग्न झाल्यापासून या नावानं कोणी हाक नाही मारली वं तिले..." भाऊजींना बाईमाणसासारखं 'वं' म्हटल्याचं त्याला कळलंही नाही. "आणि भाऊजी, इथं लोक अध्यक्षांच्या मागे लागून राहिले. म्हणतात, आधी नाव घ्या, मंगच कात्री देतो!"

अध्यक्षांनीही बायकोचं नाव घेतलं. कधी नव्हे ते हसले म्हणे, आणि खोकी परत पाठवायचा विषय फितीबरोबर कापला गेला.

पण बाकीच्या शाखांनाही तोच शब्द हवा होता. आणि स्वमुखे, हा नियम. भिवापूरचा फोन लागला तेव्हा तारा दार ओढायला गेली, तर साहेब म्हणाले, "राहू दे उघडं."

"भिवापूरची मिरची, लालेलाल रंगाची,
जयवंता जोडीदार माझी, सुखदुःखाच्या संगाची!"

काटोलची वेळ येईतो ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

वसंतानं त्याच संध्याकाळी कलम सुधारलं : मांडणी सगळी मायझाडाची, पण शब्द ज्या-त्या मशीननं आपापल्या माणसाला विचारावा. दुसऱ्या दिवशी तो ठपक्याच्या तयारीनं साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी त्याच्या नेमणुकीच्या कागदावर सही करून तो पुढे सरकवला. वसंतानं हात जोडले.

"मले कायले हात जोडतो गा? मीच जोडाले पायजेत," आनंदराव म्हणाले. "काल देवाजीनं शेजारच्यांकडे फोन करून सगळं सांगितलं. मी घरी गेलो तं दारातच उभी. म्हणे, 'मले वाटलं, हे नाव फक्त मलेच आठवते.' लय रडली. मंग हसली. मंग वाढलं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "वसंता, आपल्या मशीनचा शब्द आजच्या आज बदल."

"बदलतो साहेब. गुपित फुटलंच आता सगळ्या जिल्ह्यात."

"गुपिताचं नाही बे," साहेब दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणाले, "तो शब्द आता घरी लागते."