किलोभर मेक्सिको

मेक्सिकन मसाला घरी करायचा, हे कडुबा सोनवणेनं ठरवलं ते जिभेच्या चोचल्यांपायी नव्हे, अपमानापायी. बावन्न वर्षांचा माणूस, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, पडेगावात स्वतःचं घर, आणि सासरच्या पंगतीत मटणाची नळी मात्र दर वेळी साडूच्या ताटात. आता तुम्हीच सांगा, कोण सहन करील?

कडुबा थोरला जावई, अभय धाकटा. सासूबाई चंपाबाई फुलंब्रीहून लेकींकडं आल्या की मटणाची पळी स्वतःच्या हातात ठेवायच्या आणि नळी कुणाला द्यायची ते त्याच ठरवायच्या. पूर्वी एकदा याला, एकदा त्याला असा कारभार होता. कडुबाची त्याबद्दल तक्रार नव्हती (होती, पण तोंडी). मग अभय लेकीच्या पदवीसमारंभाला टेक्सासला गेला. राहिला तीन आठवडे, पण बोलायला लागला जन्म तिकडंच काढल्यासारखा. येताना मेक्सिकन मसाल्याची पाकिटं घेऊन आला. सिडकोतल्या घरी मटणाला तो मसाला चोळून त्यानं सगळ्यांना जेवू घातलं, आणि जावयानं एवढ्या लांबून मसाला आणला म्हणून चंपाबाईंनी नळी त्याला दिली. पुढच्या रविवारी पुन्हा त्याला. त्याच्या पुढच्या रविवारीही त्यालाच.

तिसऱ्या नळीला कडुबाचा तोल गेला. त्या पाकिटात असं काय सोनं भरलंय, असला मसाला मी घरी करून दाखवतो, असं तो भर पंगतीत बोलून बसला. अभय नळी ताटावर ठोकत होता (ती ठोकायची तऱ्हाही कडुबाला मुद्दामच वाटली). मान वर न करता तो म्हणाला, "कडुबाराव, मसाला आहे तो. अर्ज नाही."

यावर कडुबाची बायको निशा हसली. साडू हसला असता तर समजू शकतो, पण स्वतःची बायको? चंपाबाईंनी मात्र तिथल्या तिथं निकाल दिला, की पुढचा रविवार कडुबारावांच्या घरी, आणि मसाला जमला तर नळी त्यांना.

कडुबानं फोनवर एका बाईचा व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी त्याचा संताप वाढत गेला. लाल मिरची, जिरे, धने, मिरे, वाळवलेला कांदा, वाळवलेला लसूण, चिमूटभर दालचिनी. यात मेक्सिकोचं काय होतं? हे सगळं तर निशाच्या डब्यात वर्षानुवर्षं पडलेलं होतं. एक ओरेगॅनो तेवढा परका, आणि तोही घरात निघाला. आजवरच्या वाढदिवसांच्या पिझ्झ्यांबरोबर आलेल्या त्याच्या पुड्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या खाचांत साठल्या होत्या. तेवीस पुड्या. कडुबानं एकेक फाडून वाटीत ओतली, तेव्हा त्याला कचेरीत कधी वाटलं नव्हतं इतकं कर्तबगार वाटलं.

पण व्हिडिओतल्या बाईला मिरची धुरी दिलेली हवी होती. कडुबानं गॅसवर जाळी ठेवून मिरच्या धरल्या. पहिल्या मिनिटाला त्याला ठसका लागला, दुसऱ्या मिनिटाला निशाला, तिसऱ्याला वरच्या मजल्यावरचे भाडेकरू तोंडाला पंचा लावून खाली आले आणि काही जळतंय का म्हणून विचारू लागले. निशानं डोळे पुसत सगळा ऐवज एका पिशवीत भरला आणि पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. मिक्सरला हात लावायचा नाही, ही ताकीदही दिली. गेल्या दिवाळीत यांनी त्यात सुकी हळकुंडं घातली होती, तेव्हापासून ते भांडं रडतंय, असं तिचं म्हणणं. (हळकुंडं चारच होती.)

म्हणून कडुबा कोपऱ्यावरच्या भागूबाईच्या मसाला कांडपावर गेला. एप्रिल महिना, बायकांची ही रांग, प्रत्येकीजवळ वर्षाच्या मसाल्याचा डबा. त्या रांगेत पुरुष एकटा कडुबा. तासाभरानं नंबर आला तेव्हा भागूबाईनं पिशवी हातावर तोलली. पाव किलोही भरणार नाही हे, म्हणाली. किलोच्या आत कांडपाचा डंका लावता येत नाही, मुसळ तळाला आपटतं. कडुबानं नियम कुठं लिहिलाय ते दाखवा म्हणून विचारलं. तिनं मुसळाकडं बोट दाखवलं.

एवढ्यात फोन वाजला. अभयचा. डंक्याच्या धडधडीत ऐकू येईना, म्हणून कडुबा पिशवी तिथंच ठेवून रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली गेला. अभय विचारत होता, की अडीनडीला असू द्यावं म्हणून एक पाकीट घेऊन येऊ का? अडीनडीला! कडुबानं त्याला स्वाभिमान, घरचं अन्न आणि पाकिटातली रसायनं या विषयांवर पुरती पंधरा मिनिटं सुनावली. आयुष्यात इतकं चांगलं तो कधी बोलला नव्हता. मन हलकं करून परत आला, तर भागूबाई त्याच्या पिशवीत मसाला भरत होती. किलोभर. आणि काळा.

"हे काय केलं?" कडुबाचा आवाज चिरकला.

"भरती केली भाऊ," भागूबाई म्हणाली. "तुमच्यात दगडफूल नाय, खोबरं नाय, तीळ नाय. असा मसाला असतो व्हय? समद्या जणींनी मूठ-मूठ टाकलं बघा."

रांगेतल्या बायका कौतुकानं बघत होत्या. एकीनं हळूच विचारलं, की वहिनी माहेरी गेल्यात का. दुसरीनं सांगितलं, की ती हिरवी वाळकी पानं कचरा समजून आधी पाखडून टाकली, काळजी करू नका. तेवीस पुड्या! कडुबाला रडू येईना आणि ओरडताही येईना, कारण त्या बायांनी आपापल्या घासातलं काढून दिलं होतं आणि वर भागूबाईला कांडपाचे पैसेही घेऊ देत नव्हत्या. माणसावर उपकार करून त्याचा असा घात केलेला तुम्ही कधी ऐकलाय? घरी येईपर्यंत त्यानं मनातल्या मनात भागूबाईविरुद्ध तीन पानी तक्रार लिहून काढली.

दुसरा मसाला करायला ना ओरेगॅनो उरला होता ना वेळ. रविवारी कडुबानं तोच मसाला मटणाला चोळला. मटण तव्यावर कोरडं परतायचं होतं, पण आईला चावणार नाही म्हणून निशानं त्यात पळीभर गरम पाणी टाकलं. मग अजून एक पळी. मग अजून एक. निदान मीठ तरी मी माझ्या हातानं टाकणार, असं कडुबानं निक्षून सांगितलं आणि टाकलं. मग मटणातली सगळ्यांत मोठी नळी रश्श्यावर दिसेल अशी ठेवली.

पंगत बसली. अभयनं खिशातून पाकीट काढून ताटाशेजारी ठेवलं. भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, रश्श्यात बोट फिरवलं आणि विचारलं, "मटण झकास आहे. मेक्सिकन नंतर वाढणार आहात का?"

निशा खाली मान घालून हसू दाबत होती. कडुबाच्या कानशिलांतून वाफ निघाली. त्या रागात त्याला दिसलंच नाही, की चंपाबाई तिसऱ्यांदा रस्सा घेऊन बसल्या होत्या आणि घासाघासाला डोळे मिटत होत्या. त्यांनी पळी उचलली. पळीत नळी होती. पळी अभयच्या ताटावरून पुढं सरकली आणि कडुबाच्या ताटावर येऊन थांबली.

"कुणी केला हो हा मसाला?" चंपाबाईंनी विचारलं.

नुसतं 'मी' म्हणायचं होतं. पण कडुबाला वाटलं, चौकशी लागली. आणि चौकशी लागली की जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची, हे तीस वर्षं मुरलेलं. त्यानं अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. माझा मसाला लालभडक होता मामी, त्या भागूबाईनं दगडफूल घातलं, खोबरं घातलं, ओरेगॅनो पाखडून टाकला, रांगेतल्या बाया साक्षीला आहेत.

"म्हंजी चव समदी तिची?"

"सगळी तिची," कडुबा ठासून म्हणाला. "लेखी देतो पाहिजे तर."

"अन् तुमचं काय यात?"

कडुबानं प्रामाणिकपणे विचार केला. "मीठ."

पळी हवेतच वळली. अशी चव माझ्या सासूच्या हातची खाल्ली होती, त्यानंतर आजच, असं म्हणत चंपाबाईंनी निशाकडून स्टीलचा डबा मागवला, नळी त्यात ठेवली, वर रस्सा ओतला, झाकण लावलं आणि डबा थोरल्या जावयापुढं सरकवला. "गरम हाय तवर त्या बाईला देऊन या."

भर उन्हात कडुबा डबा घेऊन निघाला. वाटेत दोनदा थांबला, एकदा झाकणही उघडलं. पण नळी सासूबाईंनी मोजून दिलेली. भागूबाई कांडपाच्या मागंच राहायची. तिनं डबा घेतला, नळी तळहातावर ठोकली, चोखली, रश्श्याचा घोट घेतला आणि समाधानानं मान हलवली. कडुबा रिकाम्या डब्यासाठी उभा होता.

"मसाला बेस जमला बघा भाऊ," ती म्हणाली. "अन् मीठ इतकं नेमकं कुणी टाकलं व्हतं?"