खुशालरावांची ‘शर्यतीची गाडी’

“ही पुस्तकं एक तर विकून ये, नाही तर रद्दीत जाऊ दे,” सुभद्राकाकूंनी पलंगावरूनच पुतण्याला, गोपालला बजावले. त्या पलंगावरून उतरायला त्यांना स्टूल लागायचे. त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या, खुशालरावांच्या शेवटच्या पुस्तकाचे गठ्ठे ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून पलंगाचे चारही पाय त्या गठ्ठ्यांवर उभे केले होते. आज सकाळी स्टूल सरकले आणि काकू मच्छरदाणीला धरून लोंबकळल्या.

खुशालराव म्हणजे अमरावतीतले एकमेव मोटार-शर्यत पत्रकार. गावात मोटारींची शर्यत कधी झाली नाही, पण त्यांना त्याचे काही नव्हते. बडनेऱ्याला रेल्वेत बसून ते मद्रासकडे शर्यती पाहायला जायचे आणि परत येऊन असे लिहायचे, की वाचणाऱ्याच्या नाकात पेट्रोलचा वास जावा. स्वतः मात्र जन्मभर सायकलवर. तीही उतार आला की हातात धरून. त्यांचे चौथे पुस्तक ‘शर्यतीची गाडी’. अकोल्याच्या छापखानेवाल्याकडे मोटारीचे चित्र नव्हते, म्हणून त्याने मुखपृष्ठावर नुसते एक चाक छापून दिले. पुस्तक हाती आले आणि महिन्याभरात खुशालराव गेले. जाताना पुतण्याचा हात धरून म्हणाले, “गोपाल, रद्दीत नको जाऊ देऊ, बाप्पा.”

त्यामुळे गोपालची पंचाईत झाली. चांदूर बाजारजवळच्या एका गावात शंकरपट आहे, बैलजोड्या पळणार आहेत, हे त्याला कळले. शर्यत ती शर्यत, असा विचार करून तो दोन गठ्ठे घेऊन एसटीत बसला.

त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला होता, की घरोघरी त्याच बोलण्यात जेवण थंड व्हायचे. म्हणून पटाचे प्रमुख डोमाजी यांनी माइकवरून ताकीदच दिली होती, “आज जो कापसाचं नाव काढीन, त्याले पटाबाहेर काढीन!” माणसे जत्रेसारखी लोटली होती. गोपालने शेंगदाणेवाल्याशेजारी पुस्तके मांडली. दुपारपर्यंत एकही खपले नाही. शेंगदाणेवाल्याने मात्र पुड्यांसाठी दोनदा विचारले.

शेवटच्या फेरीआधी डोमाजी तिथून चालले होते. त्यांनी पुस्तक उचलले, नाव वाचले, चाक पाहिले आणि त्यांचे डोळे विस्फारले.

“गाडीच्या शर्यतीवर पुस्तक? कोनं लिहिलं?”

“माझ्या काकांनी. खुशालराव, पत्रकार. पण ते—”

पुढचे कुणी ऐकलेच नाही. माइक कडाडला, “पटाचं शास्त्र लिहिनाऱ्या खुशालरावजीचे पुतने आपल्यात हायेत! आखरी फेरीचे पंच तेच!” डोक्याला फेटा, हातात चहा, बुडाखाली खुर्ची. गोपालने खरे सांगायला तीनदा तोंड उघडले. तिन्ही वेळा त्यात पेढा गेला.

अखेरची फेरी चंद्रभान आणि हुसेनभाई यांच्या जोड्यांत होती. बक्षीस होते फवारणीचा पंप. झेंडी पडली, धुरळा उडाला आणि रेषा दहा हातांवर असताना चंद्रभानच्या डाव्या बैलाला कुणाची तरी सरकीची पाटी दिसली. बैल थांबला. निवांत खाऊ लागला. तेवढ्यात हुसेनभाईंच्या गाडीचे चाक निखळले, जू सुटले, बैल रेषेपार होऊन थेट घराच्या वाटेला लागले आणि गाडी मागेच आडवी झाली.

“माये बैल पहले पोचले!” हुसेनभाई ओरडले.

“गाडी कुठी हाय मंग?” चंद्रभान ओरडला. “बैल तं म्हशीसंगंही पोचते!”

दोन्हीकडून काठ्या आल्या. “पंच, पुस्तकात पाहा!” डोमाजी म्हणाले. गोपालने हाताला लागले ते पान उघडले आणि वाचले, “शर्यतीत मध्येच थांबून चाक बदलण्याची मुभा असते.”

“चाक लाव रे जल्दी!” हुसेनभाईंची माणसे धावली, दोघे बैलांमागे गेले.

“अन् माया बैल?” चंद्रभानने विचारले.

गोपालने पान उलटले. “इंधन भरण्यासाठीही थांबता येते.”

“व्हय ना! तो इंधनच भरून राहिला!” चंद्रभानने पाटी बैलाच्या आणखी जवळ सरकवली.

अर्धे गाव चाक बसवायला आणि अर्धे बैलाचे खाणे बघायला उभे राहिले. सरकी संपली. बैल खाली बसला आणि रवंथ करू लागला. तिकडे चाक बसले, पण हुसेनभाईंचे बैल केव्हाच गोठ्यात पोहोचले होते. आता काय? काठ्या पुन्हा वर गेल्या. गोपालने घाईघाईने शेवटचे प्रकरण उघडले, डोळे मिटून एका ओळीवर बोट ठेवले आणि वाचले, “शेवटी दोघेही विजेते एकमेकांवर फेसाळ पेय उडवून आनंद साजरा करतात.”

“दोघंही? मंग उडवा!” डोमाजींनी हुकूम सोडला.

गोटी सोड्याच्या बाटल्या आल्या. पहिली फुटली ती ‘फटाक्’ करून, आणि फेस थेट रवंथ करणाऱ्या बैलाच्या कानात. बैल ताडकन उठला, जोडीदार आणि गाडीसकट रेषा ओलांडली, मंडपाचा एक खांब घेतला आणि फेटा बांधलेल्या पंचाच्या खुर्चीवरून पुढे गेला. पंच नशिबाने तोवर टेबलाखाली होते.

चंद्रभान पंप घेऊन नाचला. “सोड्यानं बैल पळवला, ये कौनसा नियम हाय?” असे म्हणत हुसेनभाईंनी तिथल्या तिथे पुस्तक विकत घेतले. त्यांना उत्तर द्यायला चंद्रभानच्या लोकांनी दहा घेतली. मग पुढच्या वर्षी फसायला नको म्हणून सगळ्याच जोडीवाल्यांनी घेतली. शेंगदाणेवाल्यालाही एक हवे होते, पण उरले नव्हते.

एसटी यायच्या आत खरे सांगून टाकायचे, असे गोपालने ठरवले. डोमाजी आणि हुसेनभाई त्याला सोडायला आले होते. डोमाजींनी पुस्तकातून डोके वर काढले. कपाळावर आठ्या होत्या.

“एक विचारू, भाऊ? तुमच्या काकानं सारं लिहिलं. पन बैलाचं नाव एकदाही काहून घेतलं नाही?”

गोपाल पुढे झाला. “तेच सांगणार होतो. हे पुस्तक...”

“अरे डोमाजी,” हुसेनभाईंनी त्याला मधेच तोडले, “इतना पढालिखा आदमी बैलाले बैल म्हनीन का? पान चौदा पाहा. इंजिन म्हनते तो!”

डोमाजींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी कपाळाला लावले. गोपाल एसटीत चढला. खिडकीतून त्याला हुसेनभाईंचा आवाज ऐकू आला. ते कुणाला तरी सांगत होते, “डावं इंजिन चांगलं हाय रे. उजव्याले जरा कडबा कमी पडून राहिला.”