घुबडाचा पासपोर्ट फोटो

पक्षी कसे बघावेत हे मी कुणालाही एका सकाळीत शिकवू शकतो! निदान त्या रविवारपर्यंत माझी तशी ठाम समजूत होती.

झालं होतं असं, की तळ्याकाठी मला मासे पकडणारं घुबड दिसलं. आमच्या पक्षिमंडळात आजवर ते कुणालाच दिसलेलं नव्हतं. मी बैठकीत छाती फुगवून सांगितलं, तर सेक्रेटरीबाईंनी चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, "फोटो?" फोटो नव्हता. सगळे गालातल्या गालात हसले. ते मला फार लागलं.

मग मी माझ्या मित्राला गाठलं. त्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. त्याने जन्मात कधी चिमणीसुद्धा धड बघितली नव्हती, पण कॅमेरा झकास होता.

"तिथे बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही!" मी बजावलं.

"अरे, पक्षी बघायचाय की कुणाचं ऑपरेशन करायचंय?"

तरी बिचारा आला आणि झुडपाआड शहाण्यासारखा बसला. जरा उजाडलं, आणि समोरच्या वाळक्या झाडावर घुबड हजर! मी बोट दाखवलं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पक्षी सापडायच्या आतच, इतक्या वर्षांच्या सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाला, "मान सरळ! हनुवटी खाली! हलू नका!"

घुबड ऐकायला थांबलं नाही.

"गेलं?" तो म्हणाला. "मला तर अजून दिसलंच नव्हतं."

"अरे गाढवा, मग सांगत कुणाला होतास?"

"सवय रे! चिडू नकोस. एवढ्या पहाटे उठून आलोय, निदान तुझा तरी एक काढतो. राहा उभा त्या झाडापुढे."

माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. मी उभा राहिलो. त्याने माझी मान, हनुवटी, खांदे सगळं मनासारखं करून घेतलं आणि एकदाचं बटण दाबलं.

संध्याकाळी तो पाकीट घेऊन घरी आला. आत माझे आठ फोटो, मागे पांढरंशुभ्र.

"बघ कसा उठून दिसतोयस! मागचं सगळं साफ केलं. तुझ्या खांद्यामागे फांदीवर कुणीतरी डोळे वटारून बसलं होतं. पिवळे डोळे, डोक्यावर दोन शेंड्या! पासपोर्टच्या फोटोत दुसरं कुणी चालत नाही. दिलं पुसून."

मी आठही फोटो उलटेपालटे करून बघितले. "मूळ फोटो कुठाय?"

"दुपारी लग्नाची ऑर्डर होती ना, कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं."

पुढच्या बैठकीत मी तोच फोटो सेक्रेटरीबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"खांद्यामागे बघा," मी म्हणालो. "तिथे काही दिसत नाहीये ना? तेच ते घुबड!"

बाईंनी कप खाली ठेवला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "ओळखपत्राला चालेल."

उरलेले सात माझ्याकडे आहेत. कुणाला घुबड बघायचं असेल तर सांगा!