आत जाऊन माईकवर बोला

मन्मथअप्पांशी तुम्हाला दोन शब्द बोलायचे असतील, तर आधी चपला काढून त्यांच्या काचेच्या खोलीत जावं लागतं. तिथल्या स्टुलावर बसायचं, माईकपासून वीतभर अंतर ठेवायचं आणि मग काय ते बोलायचं. काचेच्या पलीकडे अप्पा कानाला हेडफोन लावून बसलेले असतात; त्यांचं बोलणं आत एका छोट्या स्पीकरमधून येतं. काम कुठलंही असो. "अप्पा, नळाला पाणी आलंय," एवढं सांगायला गेलं तरी अप्पा हात वर करतात. "सर, हितं नगा. आत जाऊन माईकवर बोला."

मला आधी वाटायचं, शेजारी म्हणून हे भोग माझ्याच वाट्याला आलेत. पण एकदा बघतो तर गॅसवाला खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवून त्या स्टुलावर बसलाय आणि माईकला सांगतोय, "ओटीपी आला असंल तर द्या, काका." अप्पा गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत होते. "जरा मागं सरक," ते त्याला म्हणाले, "तुझा ओटीपीतला 'पी' फुटलालाय." गॅसवाला बिचारा मागं सरकला. पुन्हा म्हणाला. 'पी' फुटला नाही, तेव्हा कुठं त्याला ओटीपी मिळाला.

लातुरात अप्पांना न ओळखणारा माणूस विरळा. जन्मभर त्यांचं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. इकडं औसा, तिकडं चाकूर, मधल्या सगळ्या गावांतली लग्नं, जत्रा, सभा, सत्कार, सगळीकडं अप्पांचा आवाज. भोंग्यांपासून सुरुवात केली आणि भिंतीएवढ्या डीजेच्या खोक्यांपर्यंत पोचले. कुठल्या सभेत माईक कुंई करायला लागला, की लोक म्हणायचे, अप्पाला बोलवा. अप्पा यायचे, एक बटण अर्धा दाणा फिरवायचे, कुंई बंद. "आवाजातलं अप्पालाच कळतं," असं लोक म्हणायचे आणि अप्पा ते खाली मान घालून ऐकायचे. त्यांची सगळी इस्टेट म्हणजे हे एक वाक्य.

पुढं खोके उचलणारी माणसं मिळेनात, गुडघेही कुरकुरायला लागले, म्हणून दुकान विकलं आणि घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. काढला म्हणजे काढायला घेतला. मधे काच घालून आतली खोली वेगळी केली, मंडपातल्या जुन्या गाद्या भिंतींना ठोकल्या, लोड-तक्के कोपऱ्यात उभे केले, त्यामुळं स्टुडिओत शिरलं की आपण नवरदेवाच्या खोलीत आलोय असं वाटतं. आणि नांदेडहून आणला तो ऑडिओ इंटरफेस. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, घरात सगळे तिला डबीच म्हणतात. तिच्यात एका बाजूनं माईकची वायर जाते, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटरची. मधे आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण, त्याभोवती हिरवा नाहीतर लाल दिवा. एसटीत सीट मिळूनही अप्पांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर अंघोळ करून तिच्यावर भस्माची तीन बोटं ओढली. ती अजून आहेत.

आता माझं सांगतो. मी एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. क्लासच्या मालकांनी फर्मान काढलं की प्रत्येक धड्याचं रेकॉर्डिंग करून द्या. घरी बसलो तर बेन्झिनच्या ऐन रंगात कुकरची शिट्टी. म्हणून अप्पांकडं गेलो. आणि हे सांगून ठेवलेलं बरं, की माझा स्वभाव भयंकर लाजाळू आहे. दुसऱ्याची फजिती झाली तरी घाम मला फुटतो. लग्नात कुणी बेसूर मंगलाष्टक म्हणायला लागलं की मी चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर जातो. अशा माणसाला देवानं अप्पांचा शेजार द्यावा, म्हणजे काय म्हणावं!

आता ते अर्थिंगचंच घ्या. डबी जोडली, माईक लावला, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही न बोलताही रेघ थरथरायला लागली. मी हेडफोन लावून बघितला. घूंऽऽ असा आवाज. "अर्थिंग सुकलंय," अप्पांनी निदान केलं. अंगणातल्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, पण त्याला ओल पाहिजे. भर मे महिना. गल्लीत टँकर कधी येईल म्हणून बायका घागरी घेऊन बसलेल्या. आणि त्यांच्यासमोर अप्पा भरलेली घागर आणून खड्ड्यात ओतायलेत! लातुरात उन्हाळ्यात पाणी जमिनीत ओतणारा माणूस. दुसरं काही केलं असतं तर लोकांनी माफ केलं असतं.

"अप्पा, झाड तरी लावायचं होतं तिथं," एक बाई म्हणाली.

"हाव, हाव," अप्पा हसून म्हणाले, "सरांचं रेकार्डिंग हाय."

झालं! सगळ्या घागरी माझ्याकडं वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं कितीतरी दिवस मी मागच्या दारानं ये-जा करत होतो. बायको म्हणाली, "तुम्ही काय पाणी चोरलंय का?" मी म्हटलं, "चोरलं असतं तर एवढी लाज वाटली नसती."

बरं, घूं गेला. मग रेकॉर्डिंग सुरू व्हायला हवं की नाही? नाव नको. मी स्टुलावर बसायचो, वही उघडायचो. अप्पा म्हणायचे, "सर, आधी टेस्ट घेऊ. बोला कायबी." मी म्हणायचो, "हॅलो, एक दोन तीन." ते हात हलवायचे. "आकडे नगा. मानसासारखं बोला. घरचं सांगा. आज डब्याला काय होतं?" मी डब्यातली भाजी सांगायचो. ती कशी झाली होती, ते विचारायचे. मुलगी काय म्हणते, क्लासमध्ये कोण पोरं आहेत, सासुरवाडीकडं पाऊस आहे का. मी सांगत राहायचो आणि अप्पा डोळे मिटून ऐकत राहायचे. अधूनमधून डोळा उघडून दिवा हिरवा आहे ना बघायचे. शेवटी म्हणायचे, "झकास. लेव्हल बसली. आता उद्या घेऊ." उद्या पुन्हा टेस्ट. असा माझा बेन्झिन आठवडेच्या आठवडे लटकला आणि मालकांसमोर तोंड दाखवायची मला चोरी झाली.

एकदा डबीत काहीतरी बिनसलं आणि बोललेलं हेडफोनमध्ये जरा मागाहून ऐकू यायला लागलं. "आवाज उशिरा येलालाय," अप्पा वैतागले. त्यांची बायको गिरजाक्का दारात तूर निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं बोलणं ह्यांच्याकडं उशिरानंच पोचतंय. लग्नापास्नं. तवा न्हाई कुणी मशीन उघडून बघितली." मी हसलो. अप्पा हसले नाहीत, म्हणजे कामात असतील, असं मी समजलो.

आणि मग एका दुपारी चाकूरचं भजनी मंडळ आलं. अप्पांचं पहिलं खरं गिऱ्हाईक. बुवा, पेटीवाला, पखवाजवाला आणि मागं टाळवाले. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं. गल्लीतले दोन-चार शेजारी कौतुकानं दारात उभे. अप्पा मला हळूच म्हणाले, "सर, आज इज्जतीचा सवाल हाय. हे चांगलं झालं तर म्हनतील, अप्पाचा आवाज अजून गेला न्हाई." त्यांनी माईकची वायर पुन्हा एकदा तपासली. मीही हातातलं काम टाकून गेलो होतो, कारण मलाच धडधडत होतं.

बुवा स्टुलावर बसले, अप्पांनी हेडफोन चढवले, बोटानं खूण केली, आणि लाईट गेली. पाठोपाठ इन्व्हर्टरनंही मान टाकली. डबीतला हिरवा दिवा विझला.

सगळे काचेबाहेर येऊन बसले. अप्पा मधे. बुवांनी विचारलं, "अप्पा, लाईट कधी येती हितं?"

"हाव, साखर कमीच टाकायला सांगितली," अप्पा म्हणाले.

बुवांनी पेटीवाल्याकडं बघितलं. पखवाजवाल्यानं विचारलं, "काका, मोरी कुठंशीक हाय?"

"आधी बुवाचं घेऊ," अप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले, "मग तुमचं."

पखवाजवाला अडचणीत. पेटीवाल्याला आता गंमत वाटायला लागली. त्यानं मांडीवर थाप मारली. "आरं, ह्यो तर बहिरा हाय की! बहिऱ्याकडं भजन रेकार्ड करायला आणलं व्हय बुवा आमाला!"

खोलीत असा हशा पिकला म्हणता! टाळवाले एकमेकांच्या अंगावर पडले, दारातले शेजारी हसले. मीही हसलो. माझ्या तोंडातून ते निघून गेलं, मी काही ठरवलं नव्हतं. आणि सगळ्यांत मोठ्यानं अप्पा हसले. टाळी देऊन हसले. पेटीवाल्याच्याच हातावर टाळी.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या गिरजाक्का मला उंबऱ्यात उभ्या दिसल्या. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. ट्रेकडं बघत उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गॅसवाला, नळाचं पाणी, डब्यातली भाजी, डोळे मिटून ऐकणं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. रसायनशास्त्र शिकवतो मी, आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

लाईट काही येईना. चाकूरची गाडी चुकेल म्हणून मंडळी उठली. "पुन्हा येतो," म्हणाली, पण ते कसं म्हणतात ते आपल्याला कळतंच.

कपबश्या गोळा करताना गिरजाक्का मला हळू आवाजात सांगायला लागल्या. हळू कशाला, अप्पा समोरच बसले होते. सवय. "डीजेनं कान खाल्ले, सर. पोरीनं पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं, तर कपाटातून काढंनात. साऊंडवाल्याच्या कानात मशीन बघून लोक तोंडात शेण घालतील म्हणतेत. त्या डबीत काय हाय कुणास ठाऊक. पहिल्या दिवशी जोडली आणि मी आत झाडत झाडत बडबडलालते, जेवायला चला, भाकरी गार व्हायलीय. तर ह्यांनी हेडफोन काढला, पुन्हा लावला. म्हणले, गिरजा, परत म्हण. मी म्हणलं, भाकरी गार व्हायलीय. म्हणले, अजून एकदा." त्या थांबल्या. "तवापासून संध्याकाळी मी तिथं बसते. भाजीचं, शेजारचं, कायबी सांगते. कुणी बघितलं तर काय म्हणंल, म्हातारी माईकवर बसलीय. मला लाज वाटती, सर. पण मी बसते."

मी उरलेल्या कपबश्या ट्रेमध्ये ठेवल्या. इतक्यात पंखा फिरायला लागला. डबीवर हिरवा दिवा आला. अप्पा लगबगीनं उठले, हेडफोन लावला आणि काचेकडं बोट केलं. "सर, बसा आत. तुमचं तरी घेऊ आज."

मी बसलो. वही उघडली, पण अक्षर दिसेना. बेन्झिन कुठला आणि काय कुठला. माईक समोर होता आणि काचेपलीकडं ते नवं धोतर नेसलेले अप्पा, माझ्या तोंडाकडं बघत.

"बोला की."

आणि मी, लाजऱ्यातला लाजरा माणूस, नको तेच बोलून बसलो. "अप्पा, पेटीवाल्याचं मनावर घेऊ नका."

बोललो आणि जीभ चावली. अरे गाढवा, त्यांनी ते ऐकलं कुठं होतं! ते तर बिचारे हसले होते. आता तू त्यांना सांगितलंस! माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. उठून पळावं म्हटलं तर दार त्यांच्याच बाजूनं.

अप्पांनी हेडफोन कानावर नीट बसवला. मग म्हणाले, "तो शब्द मला लई लांबून दिसतो, सर. ओठ आधी मिटतेत, मग उघडतेत. किराणा दुकानात दिसतो, बँकेत दिसतो. बाकीचं न्हाई कळत, पन तेवढा एक शब्द आता न चुकता कळतो."

"मग तुम्ही हसलात कशाला?"

"पाव्हणी मानसं होती. मला कळलं हे त्यांना कळलं असतं, तर चहा गेला असता का त्यांच्या गळ्याखाली? खाली माना घालून बसली असती. घरी आलेल्या मानसाला लाजवायचं असतं का, सर?"

गिरजाक्का स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. त्या गाद्यांच्या भिंतींतून मला काहीच ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, अप्पांना चोवीस तास असंच असत असेल. मी माईकच्या आणखी जवळ सरकलो. वीतभर अंतर राहिलं नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "मीपण हसलो होतो."

"तेबी दिसलं," अप्पा म्हणाले. त्यांनी डबीचं बटण थोडं वाढवलं आणि डोळे मिटले. "बोला पुढं."